आधी थांबायची सोय, मग हजार हॉर्सपॉवर

मागच्या आठवड्यात तुमच्यातल्याच एका मुलाने फोनवर विचारलं, सर हजार हॉर्सपॉवर काढायला किती खर्च येतो. मी म्हटलं तू आधी मला सांग, गाडी किती सेकंदात पळवायचीये? तो गप्प. तर आजचं बोलणं तिथूनच सुरू करू, कारण ड्रॅगची गाडी, म्हणजे सरळ रस्त्यावर थोड्या अंतरात सगळ्यात आधी पोचायच्या शर्यतीची गाडी, इंजिनापासून बांधायला घेतली की सगळं उलटं होऊन बसतं.

मी मिशिगनला असतो, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी गॅरेज. आम्ही तिघांनी मिळून 1990 ची फोर्ड मस्टँग घेतली, तिकडे तिला फॉक्स बॉडी म्हणतात, हलकी आणि साधी गाडी, पार्ट कुठेही मिळतात. आता हिशोब बघा. ड्रायव्हर धरून गाडी दीड टन, इंजिन हजार हॉर्सपॉवर, तर पाव मैल म्हणजे 402 मीटर ती साधारण 8.7 सेकंदात जाते आणि शेवटच्या रेषेवर वेग असतो ताशी 250 किलोमीटरच्या आसपास. हा आकडा कागदावर आला की अमेरिकेतली एनएचआरए ही संस्था, 1951 पासून ड्रॅग रेसिंग चालवतेय ती, तिचं नियमपुस्तक उघडायचं. आमच्यासारख्या जुन्या गाडीला 9.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ म्हणजे पूर्ण रोल केज (गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून आत बसवलेला पाइपांचा पिंजरा), चॅसिसचं म्हणजे सांगाड्याचं सर्टिफिकेट आणि ड्रायव्हरचं लायसन्स. ताशी 150 मैल गाठले की थांबायला मागे पॅराशूट. 8.50 च्या खाली गेलात तर केजचे नियम अजून कडक होतात, म्हणून आम्ही ठरवलं की 8.50 च्या वरच राहायचं, आणि तिथून मागे येत येत इंजिन किती लागेल ते काढलं. पुस्तक मात्र चालू वर्षाचंच घ्या, नियम बदलत राहतात.

बाहा, म्हणजे कॉलेजच्या मुलांनी बग्गी बांधायची स्पर्धा, केलेल्या पोरांना रोल केज नवीन नाही, पण इथे फरक आहे. तुमची बग्गी उघडी असते, पाइपच्या चारी बाजूंनी वेल्डिंगची टॉर्च फिरते. इथे बंद गाडीच्या आत केज बसवायचाय, छताला अगदी चिकटून, मग वरच्या जॉइंटच्या मागच्या बाजूला वेल्डिंग करणार कसं? आमचा पहिला दिवस ह्यातच गेला. शेवटी एका जुन्या फॅब्रिकेटरने सांगितलं की फ्लोअरला भोकं पाडा, केज खाली उतरवा, छत आणि पाइपमध्ये हात जाईल एवढी जागा झाली की जॉइंट पूर्ण गोल वेल्ड करा, मग केज उचलून खाली 6 बाय 6 इंचाच्या प्लेटा लावा. तेव्हा जमलं. पाइप बाहेरून 1 पूर्णांक 5/8 इंच, माइल्ड स्टील असेल तर जाडी 3 मिलिमीटर, क्रोमोली म्हणजे जास्त मजबूत मिश्र स्टील असेल तर साधारण 2.1 मिलिमीटर, आणि क्रोमोलीला टिग वेल्डिंगच लागतं. वेल्ड दिसायला छान दिसावा म्हणून ग्राइंडर मारायचा नाही, तसं केलं की तपासणीत गाडी नापास होते, आणि बरोबरच आहे, कारण घासल्यावर आत किती धातू उरलाय कोणाला कळणार. मेन हूप, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान, हेल्मेटच्या निदान 3 इंच वर पाहिजे, दरवाजाचा बार ड्रायव्हरच्या खांदा आणि कोपराच्या मध्ये यायला पाहिजे. म्हणजे सीट आधी बसवा, माणूस त्यात हेल्मेट घालून बसवा, मगच पाइप वाकवा. आणि एक कळकळीची विनंती, केज घातलेली गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर फिरवू नका. साध्या धडकेतही डोकं पाइपवर आपटतं.

आता मला ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते म्हणजे फिरणारे भाग. अपघात म्हटलं की सगळ्यांना गाडी उलटलेली दिसते, पण ताकद वाढली की आधी तुटतं ते फिरणारं काहीतरी, आणि ते तुटलं की थेट माणसाकडे येतं. 8 मार्च 1970, कॅलिफोर्नियातली लायन्स ड्रॅग स्ट्रिप. डॉन गार्लिट्स ह्या ड्रॅग रेसरच्या गाडीचा ट्रान्समिशन म्हणजे गिअरबॉक्स सुरुवातीच्या रेषेवरच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. तोपर्यंत त्या गाड्यांत ड्रायव्हर इंजिनाच्या मागे, क्लच आणि ट्रान्समिशनच्या डोक्यावर बसायचा. गार्लिट्सने हॉस्पिटलात पडल्या पडल्या इंजिन मागे आणि माणूस पुढे अशा गाडीचा विचार सुरू केला, 1971 ला तीच गाडी घेऊन तो एनएचआरएची विंटरनॅशनल्स ही शर्यत जिंकला, आणि थोड्याच वर्षांत टॉप फ्युएल ह्या सगळ्यात वेगवान वर्गातल्या सगळ्यांच्या गाड्या तशा झाल्या. मला हा माणूस त्याच्या विक्रमांपेक्षा ह्यासाठी मोठा वाटतो.

आपल्या मस्टँगमध्ये इंजिन पुढेच राहणार, म्हणून कवच घालावं लागतं. ट्रान्समिशनला शील्ड, इंजिनाबरोबर फिरणारे फ्लेक्सप्लेट आणि बॅलन्सर हे एसएफआयचं (रेसिंगच्या सुरक्षा सामानाची मानकं ठरवणारी संस्था) स्टिकर असलेले, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या ड्राइव्हशाफ्टभोवती पुढच्या जॉइंटपासून 6 इंचाच्या आत स्टीलचा पूर्ण गोल लूप, म्हणजे शाफ्ट तुटला तरी रस्त्यात रुतून गाडी उचलणार नाही. मागच्या अ‍ॅक्सलचं तर कोणी बघतच नाही. कंपनीच्या अ‍ॅक्सलमध्ये चाक आत धरून ठेवायला फक्त एक छोटी सी-क्लिप असते, अ‍ॅक्सल तुटला की अख्खं चाक बाहेर निघून जातं. आम्ही इंजिनाला हात लावायच्या आधी हे बदललं. आणि तसंही त्या गाडीच्या मूळ 302 इंजिनाचा ब्लॉक 500 हॉर्सपॉवरच्या पुढे मधोमध चिरतो अशी त्याची ख्याती आहे, त्यामुळे ब्लॉकही नवाच लागला, पण इंजिनाबद्दल मी आज जास्त बोलणार नाही, त्याचे व्हिडिओ तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितले असतील.

थांबण्याबद्दल बोलतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, हे आपण अकरावीत शिकलो, पण 250 ला शेवटच्या रेषेवर ब्रेकवर पाय ठेवाल तेव्हा ते अंगाला कळतं. पॅराशूट नुसतं बांधून चालत नाही, दोरीची ओढ गाडीच्या गुरुत्वमध्याच्या रेषेत यायला पाहिजे, नाहीतर मागचा भाग हलका होतो आणि गाडी भरकटते. आणि पॅराशूटही शेवटचा उपाय धरू नका. जून 2008 ला न्यू जर्सीत इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा ह्या रेसरच्या फनी कारचं (हाही अतिवेगवान गाड्यांचा वर्ग) इंजिन फुटलं, पॅराशूट नीट उघडले नाहीत, गाडी थांबली नाही आणि तो गेला. त्यानंतर एनएचआरएने सगळ्यात वेगवान गाड्यांची शर्यतच 1000 फुटांवर आणली. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग होतात, तिथे जाल तेव्हा आधी रेषेच्या पुढे किती जागा उरते ते स्वतः चालत जाऊन बघा.

अंगावरच्या सामानाचं एकच सांगतो. फायर जॅकेटवर आकडा असतो. एसएफआय 3.2ए/1 म्हणजे भाजायला सुमारे 3 सेकंद, /5 म्हणजे 10, /15 म्हणजे 30. पाच पट्टे सोडून, खिडकीची जाळी खाली करून, केजमधून बाहेर पडायला तुम्हाला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा, मग जॅकेट निवडा. पट्ट्यांवर तारीख असते आणि दोन वर्षांनी ते बदलावे लागतात. दुसऱ्या सीझनला चार तास गाडी ओढत नेली आणि तपासणीत माझे पट्टे मुदत संपलेले निघाले, परत पाठवलं. त्या दिवशी मला फार राग आला होता. घरी येऊन नवा पट्टा जुन्याच्या शेजारी ठेवला आणि हाताने दाबून बघितलं, खिडकीच्या बाजूचा उन्हात राहिलेला भाग पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. मी वर्षभर त्याच पट्ट्यात बसत होतो. दुसऱ्या दिवशी मी त्या तपासनीसाला फोन करून आभार मानले.

लायसन्सच्या वेळी एक परीक्षा असते, डोळे बांधून. गाडीत बसवतात, पट्टे आवळतात, आणि बाहेरचा माणूस नाव घेतो तिथे तुमचा हात न चाचपडता गेला पाहिजे, पॅराशूट, इग्निशन, इंधन, न्यूट्रल. आम्ही गॅरेजमध्ये महिनाभर रोज जेवणानंतर हे केलं, इंजिन तेव्हा अजून गाडीत बसलंही नव्हतं.