१६८ ठिपके

डॉमिनोचा जुना डबा हातात आला की मी आधी मोजतो. सोंगट्या २८, प्रत्येकीवर दोन घरं, घरात शून्य ते सहा ठिपके; एकूण ठिपके १६८. चिक्कूपणा वाटेल, पण एखादी सोंगटी हरवलेली आणि तिच्या जागी दुसऱ्या संचातली घुसडलेली, हे नेहमीचंच.

या २८मध्ये एक गंमत आहे. दोन फासे टाकले की वेगवेगळी दानं पडतात २१. चीनमध्ये तीच सोंगट्यांवर कोरली, त्यांतली ११ दोनदा घेतली आणि ३२चा संच केला. फाशाला कोरी बाजू नसते, म्हणून तिथं कोरं घरही नाही. अठराव्या शतकात इटलीत हा खेळ दिसायला लागतो तेव्हा मात्र सात सोंगट्या वाढलेल्या असतात, शून्य-शून्यपासून शून्य-सहापर्यंत. चीनहून आला की तिथंच सुचला, यावर अभ्यासक भांडतात. त्यांना भांडू द्या.

मला जास्त ओढ आहे ती नॉर्मन क्रॉसची. इंग्लंडात पीटरबरोजवळ युद्धकैद्यांसाठी मुद्दाम बांधलेली ही छावणी. १७९७ ते १८१४, मधला तहाचा काळ सोडला तर फ्रान्सकडचे हजारो कैदी इथं डांबलेले. रोजच्या शिध्यात मांस असायचं, म्हणजे हाडं आयतीच. ती उकळायची, खरवडायची, पांढरी करायची, पातळ चिपा कापायच्या आणि प्रत्येक ठिपका हातानं पाडायचा. एका संचाला १६८ वेळा! छावणीच्या फाटकाशी बाजार भरे, तिथं आसपासचे लोक हे डबे विकत घेत. हाडांची छोटी जहाजं, चालती गिलोटिनं (शिरच्छेदाच्या यंत्राच्या प्रतिकृती) सुद्धा बनत. टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या विणायला मात्र बंदी आली, कारण गावातल्या विणकरांचं पोट मारलं जाई. मग तो माल चोरून बाहेर जाऊ लागला. पीटरबरोच्या संग्रहालयात या कैद्यांच्या कामाचा मोठा साठा आहे.

हा माझा डबा. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘हस्तिदंती, नॉर्मन क्रॉसचा.’ नॉर्मन क्रॉसचं मी काही बोलणार नाही, पण हस्तिदंत नक्कीच नाही. भिंगातून बघा: बारीक काळपट रेघा, टिंबं. जिवंतपणी रक्तवाहिन्या गेलेल्या त्या वाटा, म्हणजे हाड. हस्तिदंतात त्या नसतात; आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. आणि हस्तिदंत निघालं असतं तर आनंद कसला, आपल्याकडे त्याचा व्यापार बंद आहे, कायद्याचं लचांड गळ्यात पडलं असतं.

पुढच्या काळातल्या सोंगट्या ओळखणं सोपं. वर हाड, खाली आबनूसचं काळं लाकूड, मधोमध पितळी खिळा. माझ्यात खिळा नाही, ठिपकेही सरळ रेषेत नाहीत. पाचाच्या घरातला मधला ठिपका तर बहुतेक सोंगट्यांवर डावीकडे झुकलाय. एकाच माणसाचा हात. फक्त चार-सहावर तो बरोबर मध्यभागी... नाही, चार-सहावर पाच कुठला! पाच-सहा म्हणायचं होतं मला. ती सोंगटी जाडही आहे. घुसडलेली. पैसे देऊन घरी आल्यावर कळलं.

डबा तुमच्यात फिरवतोय. झाकण सरकतं आहे, वर उचलू नका.