पूरक आकृती कोणाची?

नमस्कार. शोधपत्रिकेच्या प्रॉडक्शनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने एक पॅकेज कधी ना कधी उघडलेलं आहे. लेख स्वीकारला गेलाय. मुख्य आकृत्या वेगवेगळ्या फाइलींत, ३०० डीपीआयच्या टिफ, नावं व्यवस्थित. आणि सोबत पूरक साहित्याची, म्हणजे मुख्य लेखाबाहेर जोडलेल्या साहित्याची, एकच पीडीएफ, नाव 'सप्लिमेंटरी फायनल'. तिच्यात चौदा आकृत्या, तीन तक्ते, पद्धतींचं दीड पान आणि शेवटी स्वतंत्र संदर्भसूची. शोधपत्रिका चालवणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरच्या लेखी ही एक फाइल. लेखाच्या तळाशी डाउनलोडची लिंक लागते आणि काम संपतं.

माझं म्हणणं असं की पूरक आकृती ही आधी आकृती आहे आणि मग फाइल. ती कुठल्या तरी विधानाला आधार द्यायला आलेली असते, बहुतेक वेळा एखाद्या मुख्य आकृतीची पाठराखण करायला. हे नातं लेखकाला माहीत असतं, समीक्षकाला माहीत असतं. ते सॉफ्टवेअरमध्ये कुठेच नोंदलं जात नाही, आणि पुढचे बहुतेक घोळ तिथून सुरू होतात.

त्या चौदा आकृत्यांत असतं काय? न कापलेला अख्खा ब्लॉट, म्हणजे प्रथिनांसारखे रेणू पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं प्रयोगाचं चित्र. नियंत्रण प्रयोग. तोच प्रयोग दुसऱ्या पेशींवर करून पाहिलेला. यातलं बरंचसं समीक्षकांनी मागितलेलं असतं. निष्कर्ष खरा मानायचा की नाही हे ठरवणारा पुरावा पुष्कळदा इथेच असतो, आणि आपण त्याला अडगळीची खोली देतो.

हा प्रश्न जुना आहे. 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'ने १ नोव्हेंबर २०१० पासून पूरक साहित्य घेणंच बंद केलं. समीक्षक वाढीव प्रयोग मागत राहतात, लेखक ते पूरक भागात ढकलत राहतात, आणि लेख स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, ही त्यामागची तक्रार होती. तो निर्णय मला आजही धाडसी वाटतो, पण सगळ्यांना झेपेल असा नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'ईलाइफ'ने दुसरी वाट धरली. तिथे पूरक आकृती सुटी नसतेच. ती 'आकृती ३, तिची पुरवणी २' अशा नावानेच जन्माला येते आणि पडद्यावर आकृती ३ च्या सोबतच दिसते. 'नेचर'ने एक्स्टेंडेड डेटा नावाचा मधला प्रकार आणला, लेखाला जास्तीत जास्त दहा आकृत्या, लेखाच्या अंगातच. या तिन्ही वाटांमध्ये मला 'ईलाइफ'ची सर्वांत पटते, कारण तिच्यात नातं क्रमांकातच लिहिलेलं आहे.

आता जरा आत शिरू. आपल्यापैकी बहुतेकांचा लेख शेवटी जॅट्स एक्सएमएलमध्ये, म्हणजे लेखाचा प्रत्येक भाग टॅग लावून नोंदवणाऱ्या रचनेत जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या २००३ च्या टॅग-नियमावलीतून (एनएलएम डीटीडी) वाढलेली ही रचना २०१२ मध्ये नायसो या अमेरिकी मानक संस्थेचं मानक झाली. तिच्यात आकृतीसाठी 'फिग' हा टॅग आहे, आकृत्यांच्या कुटुंबासाठी 'फिग-ग्रुप' आहे आणि जोडलेल्या साहित्यासाठी 'सप्लिमेंटरी-मटेरिअल' आहे. सगळं पूरक साहित्य डोळे मिटून तिसऱ्या टॅगमध्ये टाकायची सवय पडली आहे. 'फिग-ग्रुप'मध्ये मुख्य आकृती आणि तिच्या पुरवण्या एकत्र ठेवता येतात, प्रत्येकीला स्वतःची आयडी, स्वतःचं कॅप्शन, स्वतःचा पर्यायी मजकूर. हा पर्यायी मजकूर विसरू नका. स्क्रीन रीडरवर वाचणाऱ्या माणसाला बंद पीडीएफमधल्या त्या चौदा आकृत्या बहुधा मिळतच नाहीत.

ओपन जर्नल सिस्टिम्स (ओजेएस) हे शोधपत्रिका चालवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक खुलासा. ओजेएस ३ मध्ये गॅली म्हणजे वाचकापुढे ठेवलेली लेखाची तयार फाइल. एचटीएमएल किंवा एक्सएमएल गॅलीतली चित्रं त्या गॅलीच्या 'अवलंबित फाइली' म्हणून चढतात. पूरक प्रकारची गॅली मात्र लेखाच्या पानावर मुख्य गॅलींपासून वेगळी दिसते. म्हणजे पूरक आकृती कुठल्या दाराने आत आली यावर ती वाचकाला लेखात दिसेल की बाहेर, हे ठरतं. अपलोड करताना हा संपादकीय निर्णय होतोय याची जाणीव ठेवा.

क्रमांकांबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तिथे माझे हात पोळले आहेत. एका लेखात फेरसमीक्षेच्या वेळी नवा नियंत्रण प्रयोग आला आणि तो 'आकृती एस२' झाला (एस म्हणजे सप्लिमेंटरी, पूरक). जुनी एस२ झाली एस३, जुनी एस३ झाली एस४. मजकुरातले उल्लेख लेखकांनी हाताने बदलले. एक राहिला, मुख्य आकृती ४ च्या कॅप्शनमधला. तो म्हणत होता, 'मात्रेचा परिणाम एस३ मध्ये पाहा', आणि एस३ मध्ये होतं भलतंच. मी तो लेख शेवटच्या प्रूफात ओळ न् ओळ वाचला होता. मला दिसलं नाही, कारण एस३ नावाची आकृती अस्तित्वात होती. लिंक तुटलेली नव्हती, चुकीच्या ठिकाणी जात होती. एका वाचकाने कळवलं, आणि आम्हाला शुद्धिपत्र छापावं लागलं.

ही चूक डोळ्यांनी पकडायची नसतेच. आकृतीची आयडी एक आणि वाचकाला दिसणारा क्रमांक दुसरा असला पाहिजे. आयडी कधी बदलायची नाही, क्रमांक सॉफ्टवेअरने मोजायचा. लाटेक या लेख-मांडणीच्या प्रणालीत लेखक मुख्य लेखात हे रोज करतात, आकृतीला 'लेबल' आणि तिच्या उल्लेखाला 'रेफ' या आज्ञा वापरून. पण पूरक भाग वेगळा दस्तऐवज असतो. तिथे आकृतीचा गणक शून्यावर आणून पुढे एस लावला जातो, आणि मुख्य लेखातून तिकडे रेफ पोचत नाही. 'एक्सआर' पॅकेजने पोचवता येतो, पण बहुतेक लेखक 'एस३' हाताने टाइप करतात. वर्डमध्ये तर विचारूच नका. त्यामुळे हे काम सादरीकरणाच्या वेळी आपल्या सॉफ्टवेअरने करायला हवं. प्रत्येक आकृती सुटी घ्या आणि अपलोडच्या त्याच पडद्यावर विचारा, ही कोणत्या मुख्य आकृतीसोबत आहे?

सुटी घेण्याचं आणखी एक कारण आहे, चित्राचा दर्जा. एकदा ब्लॉटचं चित्र वर्डमध्ये चिकटवून त्याची पीडीएफ केलेली मी मोठी करून पाहिली. फिकट पट्टीच्या कडेला जेपेगचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन दिसत होते. पट्टी आहे की नाही हाच लेखातला मुद्दा होता. मूळ टिफ लेखकाच्या संगणकावर असणारच, आपण मागितली नाही एवढंच.

डीओआयचंही तसंच, सुट्या आकृतीला हा कायमचा ओळखक्रमांक स्वतःचा मिळू शकतो. 'प्लॉस' या प्रकाशकाच्या लेखांत आकृतीच्या डीओआयच्या शेवटी जी००१ असतं आणि पूरक फाइलीच्या शेवटी एस००१. डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफमध्ये अशा घटकाची नोंद मूळ लेखाशी जोडून करता येते. पूरक भागातल्या संदर्भसूचीला मात्र असा आसरा नाही. उद्धरणांची मोजणी करणाऱ्या सूची त्या पीडीएफमध्ये डोकावत नाहीत, आणि ज्यांच्या पद्धतीवर तो प्रयोग उभा आहे त्यांचं श्रेय तिथेच राहतं. ते संदर्भ मुख्य सूचीत आणा.

सगळ्याच गोष्टींना पालक आकृती सापडेल असं नाही. कच्चा डेटा, कोड, तासभराचा व्हिडिओ यांची जागा झेनोडो किंवा ड्रायडसारख्या भांडारात आहे. २०१३ च्या नायसो शिफारशीत एक चांगला भेद केलेला आहे: लेख समजायला अत्यावश्यक साहित्य आणि जादाचं साहित्य. संपादकाने हा प्रश्न स्वीकृतीच्या आधी विचारावा. आकृती अत्यावश्यक असेल तर ती कुटुंबात घ्या. जादाची असेल तर भांडारात ठेवून लिंक द्या.

आणि समीक्षेत मुख्य आकृती ४ च वगळली गेली तर? आज तिच्या तीन पुरवण्या पीडीएफमध्ये तशाच पडून राहतात आणि छापल्या जातात. नातं नोंदलेलं असेल तर आकृती ४ काढताक्षणी सॉफ्टवेअर थांबेल, तिन्ही लघुचित्रं समोर ठेवेल आणि लेखकाला विचारेल: यांना आता कोणाकडे पाठवायचं?