सव्वाचारचा टेम्पो

नमस्कार मंडळी. संयोजकांनी मला विषय दिलाय ‘पहाटेचा आनंद’. आनंदाकडे येतोच, पण आधी भांडणाबद्दल सांगावं लागेल. माझ्या वाट्याला पहाट आली ती भांडणातूनच.

32 वर्षं मी सकाळच्या शाळेत शिकवलं. निवृत्त झालो त्या दिवशी घरात जाहीर केलं, आता सातच्या आत मला कुणी उठवायचं नाही. आणि दोनच महिन्यांत आमच्या इमारतीखालच्या गाळ्यात दूधकेंद्र सुरू झालं. सव्वाचारला टेम्पो. टेम्पोचं इंजिन एक वेळ चालेल हो, ते घरघरून गप्प होतं. पण मागचा फाळका, म्हणजे माल उतरवायला उघडायची फळी, पडतो तो धाडकन. मग भरलेले क्रेट एकावर एक आदळतात, आणि शेवटी रिकामे क्रेट ओढत नेतात फरशीवरून. तो जो खर्रर्र आवाज आहे, तो दातांत जातो. बरं, आपली स्वप्नं पडण्याची झोप जास्त असते ती रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात. आपल्या भाषेनं तिला साखरझोप म्हटलंय ते उगीच नाही. चोर नेमका साखरेच्या डब्यालाच हात घालत होता.

मी पडलो मास्तर. मास्तर भांडायलासुद्धा तयारी करून जातो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम काढले. रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. खिडकीत उभं राहून मोजलं, तर फाळका पडताना आकडा 70 च्या पुढे. झालं, पुरावा मिळाला. बनियनवरच खाली उतरलो.

खाली विशीतला एक मुलगा एकटाच क्रेट उतरवत होता. मी नियम सांगितला, आकडा दाखवला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात मात्र थांबले नाहीत. मग म्हणाला, “काका, तुमचं बरोबर आहे. पण जोडीदार आज आला नाही. तुम्ही जागेच आहात, तर तेवढ्या पिशव्या मोजून देता का?”

आता यावर काय बोलणार? मोजल्या.

एका क्रेटमध्ये अर्ध्या लिटरच्या 24 पिशव्या. वाटतं की सहा चोक चोवीस, बघितलं की झालं. तसं नसतं. क्रेटच्या तळाशी दूध ठिबकत असेल तर एक पिशवी फुटकी आहे, आणि ती वरून कधीच दिसत नाही. एकेक पिशवी उचलायची, कोपरा चिमटीत धरून दाबायचा, टाक्यातून थेंब आला की बाजूला ठेवायची. चौथ्या क्रेटला माझी बोटं बधिर झाली. पाचव्या क्रेटमध्ये मला फुटकी पिशवी सापडली आणि, खोटं नाही सांगत, निकालाच्या दिवशी व्हावा तसा आनंद झाला. भांडण कुठे गेलं, कळलंच नाही.

टेम्पो गेला, आणि मग जी शांतता पसरली, तीत मला स्टेशन ऐकू आलं. आमच्या घरापासून स्टेशन दीड किलोमीटर. दिवसा तिथला आवाज आमच्याकडे येत नाही. त्या वेळी मात्र लोकलचा भोंगा इतका जवळून ऐकू आला, जणू गाडी पलीकडच्या गल्लीतून चालली होती. याला कारण आहे. रात्रभरात जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरचा थर त्या मानाने उबदार राहतो. गार हवेत आवाजाचा वेग कमी असतो. त्यामुळे एरवी वर निघून जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि जमिनीलगत लांबवर जातो. त्यातून वारा पडलेला, रहदारी नाही. पहाटे कान काही तीक्ष्ण होत नाहीत, हवाच आवाज पोचवत असते.

तो भोंगा ऐकला आणि मी सरळ लालबागला पोचलो. माझं लहानपण तिथल्या चाळीत गेलं. वडील कापड गिरणीत, साचे खात्यात, म्हणजे मागांवर. आमच्याकडे घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोण बघतंय? भोंगा होता ना! प्रत्येक गिरणीचा आवाज वेगळा. आई झोपेतच सांगायची, “हा आपला नाही, झोप अजून.” त्याआधी नळाला पाणी यायचं, पिंपात धार पडायची, बायकांची बोलणी सुरू व्हायची. आणि तिकडून रात्रपाळीची माणसं परतायची. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडचे तिघे राहायचे. आम्ही उठलो की त्याच अंथरुणावर ते आडवे व्हायचे. अंथरूण गार व्हायला उसंतच नव्हती. मला आज वाटतं, आमची सकाळ आणि त्यांची रात्र एकाच भोंग्यानं सुरू व्हायची. त्यांच्या झोपेचे डेसिबल कुणी मोजले नाहीत.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगावातला भोंगा बंद झाला. वडील तरीही त्याच वेळी उठायचे. गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहायचे. आईनं एकदा विचारलं, “कशाला उठता?” म्हणाले, “मी कुठे उठतोय, जाग येते.”

या ‘जाग येते’चं कोडं मला पुढे कोंबड्यानं सोडवून दिलं. आपण समजतो, उजाडलं की कोंबडा आरवतो. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, म्हणजे त्यांना दिवस-रात्र कळायचा मार्गच ठेवला नाही. तरी ते साधारण रोजच्या तालात आरवत राहिले. त्यांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उजेड-अंधारातही ते उजेडाच्या सुमारे दोन तास आधी सुरू करतात. घड्याळ त्यांच्या अंगातच. आपल्याकडे म्हणतात ना, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही? झाकलेलं कोंबडंसुद्धा आरवायचं राहत नाही, हे आता त्याला जोडून द्या. याच संशोधकांनी पुढे आणखी एक गंमत दाखवली. कळपात मानाचा जो कोंबडा, तो आधी आरवतो, मग बाकीचे आपापल्या पायरीनं. म्हणजे अगदी आमच्या शिक्षकांच्या खोलीसारखं.

कोंबड्यावरून आठवलं. फ्रान्समध्ये ओलेराँ बेटावर मॉरिस नावाच्या कोंबड्यामुळे शेजारी कोर्टात गेले. 2019 च्या सप्टेंबरात निकाल कोंबड्याच्या बाजूनं लागला, आणि 2021 च्या जानेवारीत तिथे खेड्यातले आवाज आणि वास यांना संरक्षण देणारा कायदाच झाला. माझं ॲप घेऊन मी त्या कोर्टात गेलो असतो तर हरलो असतो.

पण ज्या आवाजाची मला खरी ओढ आहे, तो जात्याचा. साताऱ्याकडे आजोळी सुट्टीत जायचो. झुंजूमुंजू व्हायच्याही आधी आजी जात्यावर बसलेली असायची. अंधारात घरघर, आणि तीत ओवी. आम्हा पोरांना ते अंगाईसारखं वाटायचं. आम्ही कूस बदलून पुन्हा झोपायचो. फार उशिरा माझ्या लक्षात आलं, आजीला दिवसभरात मोठ्यानं बोलायची मुभा तेवढ्याच वेळात होती. घर झोपलेलं, वरून जात्याची घरघर. सासूबद्दल, माहेराबद्दल, मेलेल्या लेकाबद्दल जे बोलायचं ते त्या आवाजाच्या आडोशानं बोलायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून, सोबतच्या माणसांना घेऊन, अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! किती पहाटा झाल्या त्या, विचार करा. पुढे आजीच्या गावात पिठाची गिरणी आली. आजीचे खांदे सुटले, ते चांगलंच झालं. जातं मात्र तिनं अडगळीत टाकू दिलं नाही. उंबऱ्याशी ठेवलं होतं, त्यावर ती मडक्यांची उतरंड रचायची.

असो. दूधकेंद्रावर मी आता चार वर्षं जातोय. जोडीदार आला तरी जातो. फाळक्याखाली आम्ही जुनं टायर घातलंय, आकडा बराच खाली आलाय. क्रेट अजून ओढतात, त्यावर उपाय सापडलेला नाही. पिशव्या झाल्या की पायरीवर बसायचं. बाजूला पेपरवाले फुटपाथवर पुरवण्या घालत असतात, त्या कागदाला शाईचा ओलसर वास असतो. उन्हाळ्यात समोरच्या अँटेनावर दयाळ पक्षी येतो. शेपूट वर करून असा काही गातो की चहा हातात गार होतो. त्याच्यामागून कोकीळ. कवींची माफी मागून सांगतो, मे महिन्यात साडेचारला दहा फुटांवरून कोकीळ ऐकणं हा काही काव्यानुभव नाही. पण त्याला ॲप दाखवायला मी गेलेलो नाही. मग तांबडं फुटतं, रिक्षा सुरू होतात, आणि स्टेशनचा आवाज हळूहळू मागे जातो. साडेसहाला तो पूर्ण बुजतो. मी घरी येतो तेव्हा आमच्या सौभाग्यवती विचारतात, “किती फुटल्या आज?”

प्रश्नोत्तरांसाठी थांबलो असतो, पण साडेआठ झाले. मला नऊला झोपावं लागतं. उद्या रविवार आहे, क्रेट जास्त येतात.