सातवीची यादी, आठवीचा वर्ग

(पडद्यावर: लासलगाव, कांदा लिलाव, सकाळ)

सकाळचे साडेनऊ वाजलेत, लासलगावच्या मार्केटात ट्रॅक्टरच्या रांगा लागल्यात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतोय आणि बोली इतकी फास्ट चाललीय की आकडा आपल्या कानात शिरेपर्यंत ट्रॉली विकली गेलेली असते. या ट्रॉलीवर वडिलांशेजारी बसलेला मुलगा नववीत आहे. भाव फुटला क्विंटलला १८५०. काट्यावरची पावती आली, बारा क्विंटल चाळीस किलो. आम्ही विचारलं, किती होतील रे? त्याने एकदा वर बघितलं आणि सांगायला लागला, बारा क्विंटलचे बावीस हजार दोनशे, वरच्या चाळीस किलोचे साडेअठराने सातशे चाळीस, म्हणजे बावीस हजार नऊशे चाळीस, त्यातून हमाली तोलाई जाईल. कागद नाही, मोबाईल नाही, बोटं पण नाही मोजली.

(पडद्यावर: त्याच मुलाची वही)

दोन दिवसांनी तोच मुलगा वर्गात. फळ्यावर लिहिलंय १२.४ गुणिले १८५०. वहीत उत्तर आलंय २,२९,४००. दशांशचिन्ह राहून गेलं. मार्केटात दहा रुपयांचा फरक पडला असता तर या पोराने व्यापाऱ्याला जागेवरून हलू दिलं नसतं, आणि इथे बावीस हजाराचे सव्वादोन लाख झाले तरी त्याला काही खटकलं नाही. कारण त्याच्या लेखी ही दोन वेगळी कामं आहेत. तिकडे पैसे असतात, इकडे नुसते आकडे.

हे काही या एका मुलाचं नाहीये. २०२५ मध्ये नेचर या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ त्यात होते, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा. ही मुलं गिऱ्हाईकाचा अवघड हिशोब तोंडी करत होती पण शाळेच्या पद्धतीने मांडलेलं सोपं गणित अडत होतं. आणि उलटही दिसलं, शाळेत बरी असलेली मुलं बाजारातल्या हिशोबाला अडखळत होती. म्हणजे डोकं दोघांकडे आहे. मधला पूल नाहीये.

(पडद्यावर: नाशिक जिल्ह्याचा नकाशा)

नाशिक जिल्हा, पंधरा तालुके. पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, डोंगर आणि आदिवासी पाडे. पूर्वेला येवला, नांदगाव, पावसाची वाट बघणारे. मध्ये निफाड, द्राक्षं आणि कांदा. या सगळ्या जिल्ह्यात मे-जूनमध्ये एकच बातमी गाजते, दहावीचा निकाल. कुठल्या शाळेचा शंभर टक्के, गणितात पैकीच्या पैकी किती. पेपरात फोटो येतात, पेढे वाटतात, आणि जी मुलं गणितात राहिली त्यांची चर्चा घरातल्या घरात संपते.

आम्हाला मात्र दहावीबद्दल बोलायचंच नाहीये. कारण दहावीचं गणित दहावीत बिघडत नाही.

देशपातळीवरचे आकडे बघा, चढत्या इयत्तेबरोबर कसे उतरतात. नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात गणिताची सरासरी ५०० पैकी तिसरीत ३०६, पाचवीत २८४, आठवीत २५५ आणि दहावीत त्याहूनही कमी. डिसेंबर २०२४ मध्ये परख हे तसंच राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, त्यात तिसरीला ६० टक्के, सहावीला ४६, नववीला ३७. आणि असर, म्हणजे मुलांना वाचन-गणित किती येतं ते बघणारी पाहणी, तिच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात आठवीच्या शंभरातल्या साधारण ४६ मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. २०१८ ला पण जवळपास तेवढंच होतं. मध्ये कोरोना आला गेला, योजनांची नावं बदलली, हा आकडा जागेवर.

भागाकार हा चौथी-पाचवीचा विषय. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं पाचवीचं ओझं पाठीवर घेऊन आठवीत येतात आणि समोर बहुपदी, वर्गमूळ, चलन (एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते).

मग मध्ये काय होतं? इथे जरा थांबून जिल्ह्याची रचना समजून घ्यायला पाहिजे, कारण मला वाटतं गळती इथेच आहे. गावातली झेडपीची शाळा बहुतेक ठिकाणी चौथी, पाचवी नाहीतर सातवीपर्यंत. पुढे मुलगी जाते बाजूच्या मोठ्या गावात, हायस्कूलला, ते एखाद्या संस्थेचं, अनुदानित. सुरगाण्या-पेठेकडे असेल तर आश्रमशाळेत, ती आदिवासी विकास विभागाची. प्राथमिकचे शिक्षणाधिकारी वेगळे, माध्यमिकचे वेगळे, आश्रमशाळा तर प्रकल्प कार्यालयाकडे. केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षण परिषद होते, तिथे झेडपीचे गुरुजी आणि बाई येतात, हायस्कूलचे सर सहसा नसतात. मुलगी मात्र एकच आहे. ती जूनमध्ये दप्तर घेऊन नवीन वर्गात बसते तेव्हा तिच्यासोबत दाखला येतो, आधार नंबर येतो, जातीची नोंद येते, पण तिला भागाकारात मधलं शून्य लिहिता येत नाही हे कुठल्याच कागदावर येत नाही.

(पडद्यावर: फळा, चार चुका)

हे मधलं शून्य म्हणजे काय ते दाखवतो. ६१८ भागिले ६. उत्तर १०३. वर्गात फिरलात तर कितीतरी वह्यांत १३ सापडेल. सहाने सहाला भाग गेला, एक. मग एकाला जात नाही म्हणून पुढचा आठ खाली घेतला, अठराला तीन. एकाला गेला नाही तेव्हा शून्य लिहायचं राहिलं. मुलाला रीत पाठ आहे, स्थानिक किंमत नाही.

दुसरी चूक. वजा ५ वजा ३ बरोबर अधिक ८. का रे? "वजा वजा अधिक." हे वाक्य त्याला कुणीतरी प्रेमाने पाठ करून दिलंय, गुणाकारासाठी, तो बेरजेत वापरतोय.

तिसरी. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. अर्ध्या भाकरीत अजून तिसरा हिस्सा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली, पण हे वहीत कुणाला दिसणार.

चौथी जरा वेगळी आहे. ८ अधिक ४ बरोबर रिकामी चौकट अधिक ५. मुलं चौकटीत १२ लिहितात. कारण पहिलीपासून बरोबरच्या चिन्हाचा अर्थ एकच, आता उत्तर लिहा. दोन्ही बाजू सारख्या असा अर्थ कधी लागलाच नाही, आणि आठवीत समीकरण म्हणजे तर तेवढंच असतं. मग ५ अधिक क्ष चे ५क्ष होतात आणि आपण म्हणतो बीजगणित अवघड आहे.

यातली एकही चूक आळशीपणाची नाहीये हो. प्रत्येकीच्या मागे एक विचार आहे, अर्धवट का असेना. ज्या बाई वहीवर नुसती लाल फुली न मारता पोराला बाजूला बसवून विचारतात की तू हे कसं केलंस, त्यांना पाच मिनिटांत कळतं कुठे गाडी रुळावरून उतरली. पण पॅटची, म्हणजे सरकारी नियतकालिक मूल्यांकनाची, परीक्षा झाली की मार्क पोर्टलवर भरायचे असतात, तेरा का आठ एवढंच. कुठली चूक, त्याला रकाना नाही.

अपूर्णांकांचं तर मला फार वाईट वाटतं. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती तपासून दाखवलं होतं की दहाव्या वर्षी मुलाला अपूर्णांक आणि भागाकार किती कळलाय त्यावरून हायस्कूलच्या गणिताचा अंदाज बांधता येतो, घरची परिस्थिती, बुद्धी वगैरे धरूनसुद्धा. आणि आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे होते! आजोबा अजून म्हणून दाखवतात. पाठांतराचं भूत परत आणा असं मी म्हणत नाही, पण सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द आपल्या जिभेवर रोज असताना आपल्याच मुलांना तीन द्वितीयांश परका वाटावा हे बरोबर नाही. दीड म्हणजेच ते, एवढं सांगणारं कुणी पाहिजे.

भाषेचा मुद्दा निघालाच तर, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला वीस सात असंही म्हणायची सोय केली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? डॉ. मंगला नारळीकर समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या शांतपणे सांगत होत्या की बोलताना सात आधी आणि लिहिताना दोन आधी, यात लहान मुलं अडकतात. आता सुरगाण्यात घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणारी किंवा बागलाणात अहिराणी बोलणारी मुलगी घ्या, तिला वर एकदम अंश, छेद, सहगुणक, पदावली. तिला एकाच तासात गणितही नवं आणि भाषाही नवी.

(पडद्यावर: वर्ग, मुलं गटात बसलेली)

मग करायचं काय, संपूर्ण जिल्ह्याने?

दिल्लीत मुख्यतः सहावी ते नववीच्या ६१९ मुलांवर कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला, २०१९ ला प्रसिद्ध झाला. त्यातली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीची साडेचार. आणि सगळ्यात मागची मुलं नेहमीच्या वर्गात बसून जवळपास तिथल्या तिथेच राहिली. रोज शाळेत येतात, बाकावर बसतात, वही लिहितात, आणि जागेवर. पण तशाच मुलांना शाळा सुटल्यावर त्यांच्या खऱ्या पातळीपासून शिकवलं, कॉम्प्युटरवर आणि छोट्या गटात, तर साडेचार महिन्यांत फरक स्पष्ट दिसला, आणि मागच्या मुलांनाही तेवढाच फायदा झाला. प्रथम संस्था हीच गोष्ट प्राथमिकच्या मुलांसोबत कित्येक वर्षं करतेय, इयत्ता बाजूला ठेवा, येतं तिथून सुरू करा.

कॉम्प्युटर प्रत्येक पाड्यावर नाही, पण त्याची वाट बघायची गरजही नाही. जून महिन्यात सहावी आणि आठवीच्या प्रत्येक मुलाची एक पानाची तपासणी, मार्कांसाठी नाही, चुकीसाठी. मग रोज एक तास गटवार, इयत्ता विसरून. २०२१ मध्ये कोरोनानंतर राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला होता, कल्पना हीच होती, फक्त पाच वर्षांची गळती ४५ दिवसांत भरत नाही, तो तास दिवाळीनंतरही चालू राहायला लागतो. शिक्षक म्हणतात सिलॅबस कधी पूर्ण करू, आणि त्यांची अडचण खरी आहे, कारण त्यांना विचारणारा साहेब सिलॅबसच विचारतो. म्हणून हे एकट्या शिक्षकावर सोडून चालणार नाही. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), दोन्ही शिक्षणाधिकारी, सगळ्यांनी भेटीत पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, किती मुलं भागाकारावर होती आणि आता कुठे आहेत.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली सूचना चर्चेत होती, दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० मार्कांवरही पुढे जाऊ द्यायचं, शेरा मारून. नापास होऊन शाळा सुटणाऱ्या मुलीसाठी तो दिलासा असेल, मी नाकारत नाही. पण तिला भागाकारात १३ का येत होते आणि १०३ का नाही, हे त्यानंतरही कुणी बघितलेलं नसेल. जेईईसाठी निवडक हुशार मुलांना तयार करणारा जिल्हा परिषदेचा सुपर फिफ्टी आहे, चांगला आहे, पण जिल्ह्यात मागच्या बाकावर बसलेल्यांची संख्या पन्नासपेक्षा कितीतरी मोठी आहे.

(पडद्यावर: देवळाली, जुनी चाळ, मग वर्ग)

याच जिल्ह्यात, देवळालीला, १९३० ते १९६२ एक शाळामास्तर शिकवत होते, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. गणिताची मोठी पदवी नाही, पण ६१७४ हा आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, परत तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्या, पोचताच तुम्ही.

सातवीच्या या वर्गात बाईंनी आज हेच दिलंय. हातच्याच्या वजाबाकीत अडकलेल्या आठ मुलांच्या गटाला. हातच्याची पन्नास उदाहरणं दिली असती तर कुरकुर झाली असती, इथे मुलं स्वतःहून पानामागून पान वजाबाक्या करतायत, कारण प्रत्येकाला आपला आकडा पोचतो का बघायचंय. एकीचा पोचत नाहीये. बाई सांगत नाहीत कुठे चुकलं. तिने सुरुवातीचा शून्य शेवटी नेला होता, ०३७८ ऐवजी ३७८०, तिचं तिलाच सापडलं.

(पडद्यावर: स्टाफरूम, एप्रिल)

एप्रिलची दुपार, पंखा फिरतोय. झेडपी शाळेच्या बाई दोन किलोमीटरवरच्या हायस्कूलला आल्यात, सोबत शंभर पानी वही. जूनमध्ये त्यांची सातवी इथे आठवीत येणार. समोर गणिताचे सर. वहीत प्रत्येक नावापुढे एक ओळ आहे, कुठे "भागाकार, मधलं शून्य", कुठे "वजा वजा", कुठे "सगळं येतं, बोलत नाही", एका ठिकाणी "बाजाराचा हिशोब तोंडी पक्का, तिथून सुरू करा". सर मध्येच थांबवून विचारतात, हा तो कांद्यावाल्याचा धाकटा का? बाई म्हणतात हो. चहा गार झालाय, आणि दोघं अजून अकराव्या नावावर आहेत.