पपईवर कोयता चालवण्याआधी

(ठाण्यात घरबाग करणाऱ्यांच्या रविवारच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. विषय तुम्हाला पत्रिकेतून कळलाच आहे: ऋतू बदलला की पपईचं फूल कसं बदलतं. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण कोलशेतच्या बाजूला एका सोसायटीत तोडलेल्या पपईबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ते मनात साचून राहिलंय.

पाण्याच्या टाकीमागे, ओव्हरफ्लोच्या ओलीवर ती आपोआप उगवली होती. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोचली. फुलं आली ती घोसाघोसांनी, लांब लोंबत्या दांड्यांवर. हातभर दांडा, त्यावर बारीक नळीसारखी पिवळसर पांढरी फुलं, संध्याकाळी मंद गोड वास. म्हणजे नर. इथे बसलेल्यांपैकी कुणीही लांबून ओळखेल. कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की झाड नर आहे, फळ देणार नाही, पानांचा कचरा तेवढा होतो, तोडून टाका. काकूंनी विरोध केला. थंडी पडल्यापासून दांड्यांच्या टोकाला काहीतरी हिरवं धरतंय, थोडं थांबा, एवढंच त्या म्हणत होत्या. त्यावर ‘नराला कुठे फळ येतं का काकू?’ असं म्हणून त्यांना गप्प बसवलं गेलं. रोज त्या झाडाकडे बघणारी बाई एकटी तीच, आणि तिचंच कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यानं कोयता घातला. पपईचं खोड आतून पोकळ, त्याला पडायला कितीसा वेळ लागतो!

काकूंनी मला बोलावलं ते त्यानंतर. झाड गेटजवळ पाल्यात पडलं होतं. मी खाली बसले आणि एकेक दांडा हातात घेऊन बघितला. बाजूची फुलं अस्सल नराची होती: अरुंद नळी, आत दहा पुंकेसर, आणि मधोमध अंडाशयाच्या जागी टाचणीसारखा सुळका. पण दांड्याच्या अगदी टोकाचं फूल जरा जाड लागलं. नखानं पाकळ्या सोलल्या, तर आत लांबट हिरवं अंडाशय, आणि नख लागताच त्यातून पांढरा चीक आला. त्याच्या खालच्या, आधी फुललेल्या दांड्यांना अंगठ्याएवढ्या पपया लटकत होत्या. काकू शेजारी उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या सकाळचा राग माझा अजून गेलेला नाही.

नराला फळ येतं, मंडळी. सगळ्यांना नाही आणि नेहमी नाही, पण काही नरझाडं हवा थोडी गार झाली की टोकाच्या फुलात अंडाशय धरतात. त्या पपया खोडाला चिकटून न येता लांब दांड्यावर लोंबतात. खायला काहीही हरकत नसते.

आता ज्यांना खिळ्याबद्दल विचारायचंय त्यांचे हात मला दिसतायत. (हशा) नराच्या खोडात खिळा ठोकला की मादी होते, शेंडा छाटला की मादी होते, खोड चिरून आत खापरी बसवली की मादी होते, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. खिळ्यानं गुणसूत्र बदलत नाही. पपईचं लिंग बी तयार होतानाच ठरतं. १९३८ साली हवाईत स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमेयर, अशा दोघांनी आपापल्या स्वतंत्र कामातून ही आनुवंशिकता मांडली. आजच्या भाषेत सांगायचं तर मादीत दोन एक्स, नरात एक एक्स आणि एक वाय, आणि उभयलिंगी झाडात एक एक्स आणि वायचाच जरा वेगळा प्रकार. दोन्हीकडून वाय आला तर ते बीज जगत नाही. तेव्हा खिळा ठोकल्यावर फळ धरलं असेल, तर मधल्या काळात हवा बदलली होती का ते आधी बघा. झाडाला उगाच जखम करू नका. पावसाळ्यात तीच जागा कुजायला लागते.

आणि ‘हमखास मादी रोप’! एका नर्सरीत माझ्यासमोर एका तरुण जोडप्याला अशी रोपं जादा पैसे घेऊन विकली गेली. मूळ सरळ तो नर, मूळ फाटलेलं ती मादी, पाण्यात बुडेल ते बी मादीचं, असली कारणं देऊन. फूल येईपर्यंत रोपाकडे बघून लिंग सांगता येत नाही. त्याआधी सांगायचं तर प्रयोगशाळेत डीएनए तपासावा लागतो. त्यातून गच्चीसाठी घेतात पुसा नन्हा. बुटकी, ड्रमात मावणारी, गुणाची जात, पण तिच्यात नर आणि मादी वेगवेगळे असतात. एकच रोप आणलंत तर निम्मी शक्यता नराची. म्हणून एका आळ्यात तीन रोपं लावा. तिन्ही नर निघण्याची शक्यता आठात एक उरते. फुलं आल्यावर हवं ते ठेवा, बाकीची काढा. एखादा नर मात्र शेजारीपाजारी कुणाकडे तरी राहू द्या, मादीला पराग लागतो. परागाशिवाय तिची फुलं बहुतेक गळतात, एखादं फळ धरलंच तर बिनबियांचं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मुख्य विषय तर राहिलाच, तेव्हा भराभर सांगते.

मादी झाड सगळ्यात स्थिर. फूल मोठं, खोडालगत, पाकळ्या सुट्या, फळ गोलसर. ऋतू कोणताही असो, फूल मादीचंच. बदलतात ती उभयलिंगी झाडं. बाजारात आपण घेतो ती लांबट तैवान पपई, रेड लेडी, ती उभयलिंगी झाडाची. हिच्या चांगल्या फुलात दहा पुंकेसर आणि लांबट अंडाशय दोन्ही असतात, त्यामुळे एकटं झाडही फळतं.

एप्रिल-मे. कडक ऊन, पाण्याची ओढ. अशा वेळी अंडाशय आक्रसतं, फूल नावापुरतं उभयलिंगी राहतं, वागतं नरासारखं आणि गळून जातं. पुढे खोडावर वर फळं, खाली फळं आणि मधे मोकळा पट्टा दिसतो. पानांच्या वणांवरून मोजत गेलात तर तो पट्टा कडक उन्हाळ्यातल्या फुलांचा निघेल. लोक म्हणतात झाड वांझ झालं. त्याला पाणी द्या, आळ्यावर पाल्याचं आच्छादन घाला, थोडं शेणखत द्या आणि थांबा. फक्त पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात.

थंडीत उलटं. रात्री गार, त्यात नत्र आणि ओल भरपूर, की काही झाडांत पुंकेसरच अंडाशयाला चिकटतात आणि त्याचाच भाग होऊन वाढतात. फळ वाकडंतिकडं, चुण्या पडलेलं, मांजराच्या तोंडासारखं. त्याला रोग समजून फवारण्या करू नका. आणखी एक प्रकार म्हणजे पाचच पुंकेसर असलेलं फूल. त्याचं फळ गोल, त्यावर पाच खोल खाचा. खायला ही सगळी चांगली. फार वेडंवाकडं असेल तर लहान असतानाच काढा, म्हणजे बाकीची पोसतात. दरवर्षी तेच झाड असं करत असेल तर तो त्याचा जातिवंत स्वभाव, त्याचं बी धरू नका.

बियांचं सांगते आणि थांबते. उभयलिंगी फूल स्वतःच्याच परागानं फळलं, तर त्याच्या बियांतून दोन वाटे उभयलिंगी आणि एक वाटा मादी निघतात, नर एकही नाही. म्हणून घरी लावायला लांबट फळातलं बी घ्या. संकरित जातीचं असेल तर गोडी आईसारखी उतरेलच असं नाही, पण झाड बहुतेक फळणारं मिळेल. जवळपास नर फुललेला असेल तर त्याचा पराग मधे येतो आणि हिशोब बिघडतो. बियांवरचं बुळबुळीत आवरण राखेत चोळून काढा, सावलीत सुकवा आणि लवकर पेरा.

आणि नराच्या लोंबत्या पपईचं बी पेरायचं मनात असेल, तर दोन वाटे नर येतील हे धरून चाला. ते फळ खा, झाड राहू द्या, बी मात्र दुसरीकडून आणा. आता प्रश्न घ्या, पहिला त्या मागच्या ताईंचा.