टेसरॅक्ट, सोर्स कोडवरून

(पडद्यावर एका जुन्या छापील अहवालाचे पान. पार्श्वभूमीला कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज.)

पडद्यावर दिसणारे हे पान खानापूर तालुक्यातील एका वाचनालयाच्या वार्षिक अहवालातील आहे. वरचा मजकूर मराठी आहे, मधला वर्गणीचा तक्ता मराठी आहे आणि तळाचा नोंदणीसंबंधीचा परिच्छेद कन्नडमध्ये आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. त्यानंतरच्या अशा कितीतरी कागदांवर या दोन लिप्या एकाच पानावर सापडतात, आणि वाचनालयाच्या लाकडी कपाटात तर त्या एकाच दोऱ्याने शिवलेल्या आहेत.

हे अहवाल स्कॅन करून ठेवण्याचे काम गेल्या वर्षीच झाले होते. मात्र स्कॅन म्हणजे केवळ चित्र. त्यात एखादे नाव शोधायचे असेल तर पाने डोळ्यांनीच चाळावी लागतात. चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा शोधता येण्याजोगा मजकूर करण्यासाठी टेसरॅक्ट नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने ते १९८५ ते १९९४ या काळात विकसित केले, २००५ मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला आणि पुढे २००६ पासून काही वर्षे गूगलने त्याचा सांभाळ केला. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या प्रशिक्षित फाइली त्याच्यासाठी उपलब्ध आहेत आणि एकाच पानावर दोन्ही भाषा एकदम वाचण्याची सोयही त्यात आहे. हस्तलिखित किंवा मोडी मात्र त्याच्याकडे घेऊन जाऊ नये; त्याची धाव छापील अक्षरांपर्यंतच आहे.

अडचण वेगळीच होती. वाचनालयाच्या संगणकावर उबुंटू २२.०४ ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली आहे. टेसरॅक्टची पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ही उबुंटू त्यानंतर, एप्रिल २०२२ मध्ये आली; तरीही तिच्या अधिकृत भांडारात, म्हणजे तयार सॉफ्टवेअरच्या साठ्यात, टेसरॅक्टची ४.१.१ हीच आवृत्ती राहिली. उबुंटूसारखी प्रणाली तयार करणारी मंडळी ठराविक काळाने सॉफ्टवेअरची नवी पॅकेजेस घेणे थांबवतात आणि घेतलेली नीट चालतात की नाही हे तपासत बसतात, त्यामुळे असे मागे राहणे हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. प्रणालीच नवी घ्यावी, तर त्याच संगणकावर वर्गणीचा हिशेब चालतो आणि वर्ष संपेपर्यंत त्याला हात लावायला समिती तयार नव्हती. तेव्हा नवी आवृत्ती सोर्स कोडवरून कंपाईल करायची, असे ठरले. हे काम अंगावर घेतले ते बेळगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि सुट्टीत गावी आलेल्या एका विद्यार्थिनीने. सोबतीला होते वाचनालयाचे कामकाज पाहणारे निवृत्त गुरुजी.

(बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री. लाकडी पॅटर्न, वाळूचा साचा, ओतले जाणारे लोखंड.)

या मुलीचे वडील उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मोल्डर आहेत, म्हणून तिने गुरुजींना समजावताना उदाहरणही तिथलेच घेतले. भांडारातून मिळणारे तयार पॅकेज म्हणजे ओतून, घासून, रंगवून आलेला सुटा भाग. तो बसवायचा आणि वापरायचा. सोर्स कोड म्हणजे त्या भागाचे ड्रॉइंग आणि पॅटर्न. त्यावरून भाग आपल्याच भट्टीत ओतायचा असेल तर वाळू, लोखंड, कोळसा, सगळे आपल्याकडे असायला हवे. संगणकाच्या बाबतीत ही सामग्री म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर, आणि ज्यांच्या आधारावर हे सॉफ्टवेअर उभे राहते त्या इतर लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या कोडचे संच. उपमा बरी आहे, पण ती फार ताणू नये. लोखंड चुकले तर भट्टी पुन्हा पेटवावी लागते, इथे एक कमांड पुन्हा द्यावी लागते.

टेसरॅक्टला चित्रे हाताळण्यासाठी लेप्टोनिका नावाची लायब्ररी लागते. ती उबुंटूच्या भांडारात तयार मिळते आणि टेसरॅक्टच्या गरजेला पुरेशी नवीही आहे. तरीही आपल्या विद्यार्थिनीने लेप्टोनिकासुद्धा सोर्स कोडवरूनच घेतली. करायचेच आहे तर सगळेच करू, हा तिचा विचार. आमच्या मते हा उत्साह अनाठायी होता, पण त्यानेच या कामातील सर्वांत शिकण्यासारखा भाग घडवला.

(टर्मिनलची काळी खिडकी. ओळी वेगाने वर सरकत आहेत.)

लेप्टोनिकाच्या संकुचित फाइलचे फोल्डर उघडून तिने पहिली कमांड दिली : डॉट, स्लॅश, कॉन्फिगर. ही स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, काहीही बांधत नाही. ती संगणकाची झडती घेते. कंपायलर आहे का, अमुक फंक्शन मिळते का, तमुक लायब्ररी सापडते का, असे शेकडो प्रश्न विचारून प्रत्येकापुढे होय किंवा नाही लिहीत जाते आणि शेवटी त्या संगणकापुरती मेकफाइल, म्हणजे बांधणीची कृती सांगणारी फाइल, तयार करते. पहिल्याच फेरीत ती थांबली, कारण संगणकावर सी भाषेचा कंपायलरच नव्हता. तो आणि त्याच्यासोबतची साधने एकाच पॅकेजात मिळतात. ती बसवल्यावर दुसऱ्या फेरीत कॉन्फिगर विनातक्रार शेवटपर्यंत गेले. ओळी इतक्या वेगाने वर सरकल्या की त्या कोणी वाचल्या नाहीत. यापैकी चार-पाच ओळींपुढे ‘नाही’ असे लिहिलेले होते.

त्यानंतरची कमांड म्हणजे मेक. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये हे साधन लिहिले. कोणती फाइल कशापासून बनते हे मेकफाइलमध्ये लिहिलेले असते. मेक प्रत्येक फाइलीच्या शेवटच्या बदलाची वेळ ताडून पाहते आणि जी फाइल तिच्या मूळ फाइलीपेक्षा जुनी आहे किंवा जी अजून बनलेलीच नाही, तेवढीच बनवते. मेकफाइलमधील आज्ञेच्या ओळी टॅबनेच सुरू व्हाव्या लागतात, तिथे स्पेस चालत नाही. फेल्डमन यांना ही खोड लवकरच लक्षात आली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभरांची सोय पाहिली गेली आणि त्यानंतरच्या सगळ्यांनी टॅब सोसला.

लेप्टोनिका तयार झाली, बसवली गेली. टेसरॅक्टच्या फोल्डरमध्ये मात्र कॉन्फिगर नावाची फाइलच नव्हती. टेसरॅक्ट प्रकल्पाच्या स्वतःच्या कोड-भांडारातून घेतलेल्या सोर्समध्ये ती बहुधा नसते. ऑटोजेन नावाची छोटी स्क्रिप्ट चालवून ती आधी तयार करावी लागते आणि त्यासाठी ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल ही आणखी तीन साधने लागतात. तेही झाले. कॉन्फिगरला लेप्टोनिका सापडली आणि टेसरॅक्टचे कंपायलेशन सुरू झाले. तो संगणक जुना, दोन कोरचा. सी प्लस प्लसची एकेक फाइल सावकाश पुढे सरकत होती.

“काय म्हणूलाय गं तो?” गुरुजींनी विचारले.

“काही नाही सर, नुसती नावं वाचतोय,” ती म्हणाली.

(अंधारलेली खोली. कंदिलासारखा मोबाइलचा उजेड.)

जुलैच्या पावसात खानापुरात दुपारी वीज जाणे ही बातमी नव्हे. वाचनालयाच्या यूपीएसची बॅटरी दोन पावसाळ्यांपूर्वीच बसलेली होती, त्यामुळे संगणक कंपायलेशनच्या मध्यातच बंद पडला. वीज आल्यावर तिने पुन्हा मेक ही एकच कमांड दिली. मेकने आधी तयार झालेल्या फाइलींना हात न लावता पुढचे काम सुरू केले, तेव्हा फेल्डमन यांच्या युक्तीचे मोल खोलीतल्या दोघांनाही कळले. पण अखेरीस सगळे तुकडे जोडणाऱ्या लिंकरने तक्रार केली की त्यातील एक फाइल त्याला ओळखताच येत नाही. फोल्डरमध्ये पाहिले तर त्या फाइलीचा आकार शून्य बाइट होता. वीज गेली त्या क्षणी ती फाइल उघडली गेली होती, पण तिच्यातला मजकूर डिस्कवर उतरला नव्हता. मेक फक्त वेळ पाहते, पोटात काय आहे ते पाहत नाही. ती फाइल तिच्या मूळ कोडपेक्षा नवी होती, म्हणून मेकच्या लेखी ती तयार होती. ती रिकामी फाइल काढून टाकली, मेक पुन्हा चालवले आणि लिंकर समाधान पावला.

आता मेक इन्स्टॉल. ही कमांड तयार फाइली स्लॅश यूएसआर स्लॅश लोकल या फोल्डरखाली नेऊन ठेवते आणि त्यासाठी सुडो लावून प्रशासकाचे अधिकार द्यावे लागतात. सर्वसाधारण शिरस्ता असा की कॉन्फिगर आणि मेक साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालवावे आणि सुडो केवळ या शेवटच्या पायरीला लावावे. मात्र तेवढ्याने सोर्स विश्वासार्ह ठरत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचन सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली आढळली. ती कार्यान्वित करणारी ओळ प्रकल्पाच्या सार्वजनिक भांडारात नव्हती. प्रसिद्ध केलेल्या सोर्सच्या संकुचित फाइलमध्ये, कॉन्फिगरच्या वेळी चालणाऱ्या एका मॅक्रोमध्ये, म्हणजे छोट्या आज्ञासंचात, ती दडवली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला आणि त्यातून हे प्रकरण उघडकीस आले. म्हणजे कोड उघडा आहे एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही, आणि सोर्स कुठून घेतला याची नोंद तरी आपल्यापाशी असायला हवी.

टेसरॅक्ट बसवले, पण सुरू होईना. सामायिक लायब्ररी सापडत नाही, असा संदेश आला. फाइल जागेवर होती; प्रणालीकडील लायब्ऱ्यांची यादी तेवढी जुनी होती. एलडी-कॉन्फिग या कमांडने ती ताजी झाली. मग भाषेच्या फाइली सापडत नाहीत, असा संदेश आला, आणि तो तर रास्तच होता, कारण सोर्सबरोबर भाषांच्या प्रशिक्षित फाइली येतच नाहीत. मराठीची आणि कन्नडची फाइल वेगळी उतरवून टेसडेटा या फोल्डरमध्ये ठेवली. अखेर संध्याकाळी सहाच्या सुमारास अहवालाचे पहिले पान, पीएनजी चित्राच्या रूपात, टेसरॅक्टपुढे ठेवले गेले.

उत्तर आले : हे फंक्शन उपलब्ध नाही.

टेसरॅक्ट कंपाईल झाले होते, बसले होते, आपली आवृत्ती अचूक सांगत होते, आणि त्याला चित्रच उघडता येत नव्हते. त्या रात्री तिने वडिलांना फोनवर सगळी हकीकत सांगितली. त्यांना कॉन्फिगर ठाऊक नव्हते, पण वाळूत ओल जास्त राहिली तर वायू कोंडून लोखंडात भोक राहते, भाग बाहेरून चकचकीत दिसतो आणि लेथवर चढवल्यावरच ते भोक उघडे पडते, हे ते रोज पाहतात. “आत ब्लोहोल ऱ्हायलाय बघ,” एवढेच ते म्हणाले.

(कॉन्फिग डॉट लॉग या फाइलचे पान. एका ओळीवर पेन्सिलचे टोक.)

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लेप्टोनिकाच्या फोल्डरमधील कॉन्फिग डॉट लॉग ही फाइल उघडली. कॉन्फिगरने केलेल्या प्रत्येक तपासणीची नोंद तिच्यात असते. पीएनजी, जेपेग आणि टिफ या चित्रप्रकारांच्या लायब्ऱ्यांपुढे ‘नाही’ असे स्वच्छ लिहिलेले होते. या लायब्ऱ्या संगणकावर नव्हत्या असे नाही. चित्रे उघडणारे इतर कार्यक्रम त्यांच्यावरच तर चालत होते. नव्हत्या त्या त्यांच्या हेडर फाइली. तयार कार्यक्रम चालवायला लायब्ररी पुरते, पण नवा कार्यक्रम कंपाईल करायला तिच्यातील फंक्शनांची ओळख करून देणाऱ्या हेडर फाइली लागतात आणि उबुंटूत त्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ लावलेल्या वेगळ्या पॅकेजात येतात. कंपायलर नसल्यावर कॉन्फिगर थांबले होते, कारण तो अनिवार्य होता. चित्रांच्या लायब्ऱ्या लेप्टोनिका ऐच्छिक मानते. त्या नसतील तर त्यांच्या जागी ‘उपलब्ध नाही’ एवढेच बोलणारी पोकळ फंक्शने घालून ती मुकाट्याने पुढे जाते. आदल्या दिवशी वर सरकून गेलेल्या त्या चार-पाच ओळी याच होत्या.

तिन्ही डेव्ह पॅकेजेस बसवली. मेक क्लीनने जुने तुकडे पुसले आणि कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, एलडी-कॉन्फिग हा क्रम लेप्टोनिकापुरता पुन्हा झाला. या वेळी कॉन्फिगरची प्रत्येक ओळ तिने फाइलमध्ये उतरवून घेतली आणि गुरुजींसह वाचली. टेसरॅक्ट पुन्हा कंपाईल करावे लागले नाही. ते चालू होताना लेप्टोनिका बाहेरून जोडून घेते, त्यामुळे नवी लेप्टोनिका जागेवर येताच त्याचेही काम झाले. आवृत्ती विचारल्यावर लेप्टोनिकाच्या ओळीखाली आता पीएनजी, जेपेग आणि टिफ ही नावे दिसत आहेत.

पहिले पान वाचून झाले. भाषा म्हणून ‘मराठी अधिक कन्नड’ असे सांगितले होते; मराठी आधी, कारण मजकुरात तिचा वाटा मोठा आणि भाषांच्या क्रमाने निकालात फरक पडतो. तळाचा कन्नड परिच्छेद कन्नड लिपीतच उतरला. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल झाली आहे, तक्त्याचे स्तंभ एकमेकांत घुसले आहेत, आणि ते दुरुस्त करायला माणूसच लागणार आहे. गुरुजींनी लाल पेन काढले आहे.

मेक इन्स्टॉलने कुठे काय ठेवले हे उबुंटूच्या पॅकेज यादीत कुठेच दिसत नाही. उद्या हे सगळे काढून टाकायचे झाले तर बांधणीचे फोल्डर हाताशी लागेल, म्हणून दोन्ही फोल्डर न पुसता जपून ठेवली आहेत. त्यांची जागा, सोर्स कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते, दोन्ही आवृत्त्यांचे आकडे आणि बसवलेल्या डेव्ह पॅकेजांची नावे, हे सर्व तिने एका दोनशे पानी वहीत मराठीत लिहिले आहे. ही वही त्याच लाकडी कपाटात, अहवालांच्या शेजारी ठेवलेली आहे.

(वहीचे पहिले पान. पाऊस थांबलेला आहे.)