सुटकेसमधली हळद

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, म्हणजे हळदीवर बोलणार हे तुम्ही ओळखलंच असेल. 2018 साली आमच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मी इथे अमेरिकेत पेढे वाटले होते. आज तीच हळद तपासून घ्या म्हणायला उभा आहे.

आमची धाकटी वर्षाची झाली आणि नेहमीच्या तपासणीत तिच्या रक्तात शिसं निघालं 7, म्हणजे दर डेसिलिटर रक्तात 7 मायक्रोग्रॅम. इथे 3.5 पासून पुढे गेलं की डॉक्टर लक्ष घालतात. घर 1978 च्या आधीचं, म्हणजे घराच्या रंगात शिसं चालायचं तेव्हाचं, म्हणून संशय जुन्या रंगावर. आरोग्य खात्याच्या बाईंनी खिडक्यांच्या चौकटी तपासल्या, ठीक निघाल्या. मग म्हणाल्या, मसाल्याचे डबे दाखवा. त्यात सुटकेसमधून आलेली, दुहेरी गाठ मारलेली पिशवी, वर आईच्या अक्षरात 'हळद'. पोरीच्या खिमटात रोज चिमूटभर पडत होती तीच. प्रयोगशाळेत शिसं त्या हळदीतच सापडलं.

पिवळाधमक रंग यावा म्हणून काहीजण लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, वापरतात. बांगलादेशात तर हळकुंडांना पॉलिश करतानाच ते चोळलं जायचं, तेव्हा अख्खं हळकुंड आणलं म्हणजे सुटलो असंही नाही. आणि हे ना चवीला कळतं, ना वासाला, ना उकळून जातं.

आईला फोन केला. ती भडकलीच. "व्हय रं, सांगलीच्या बाईला हळद शिकवतोस? मी काय विष पाठवलं?" दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन: त्या दुकानातली सुटी हळद बंद केली, एका शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची हळकुंडं घेतली. खरबरीत, मळकट, मुळ्यांच्या टोकांसकट. तीही मी आधी तपासून घेतली, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

औषध काही लागलं नाही. हळद थांबवली, लोह आणि कॅल्शियम पोटात जाईल असं खायला घातलं, नाचणी वगैरे. अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. काही महिन्यांनी आकडा 3 वर आला.

गावाहून आणलेल्या पितळेच्या पातेल्यांचंही तेच. कल्हई शुद्ध कथलाची हवी, पण त्यात शिसं मिसळणारेही असतात. खात्री नसेल तर चिंचेची आमटी त्यात नकोच. सुरम्यातही शिसं असू शकतं, तो तर बाळाच्या डोळ्यात घालूच नका.

घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर डॉक्टरांकडे शिशाची चाचणी मागा, आणि मसाले कुठे तपासून मिळतील ते आपल्या भागातल्या आरोग्य खात्याला विचारा.